पाकिटातले पाच डॉलर

मुलांनो, समजा उद्या तुमच्या बाईंनी तुमच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं आणि सांगितलं, "यात थोडेसे पैसे आहेत. पाकीट फोडल्यापासून दोन तासांच्या आत या पैशांचे जास्तीत जास्त पैसे करून दाखवायचे." तर तुम्ही काय कराल?

आमच्या चौथीच्या वर्गाला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग जो गलका उठला तो विचारू नका. "बाई, चिंचा विकू!" "बोरं!" "गारीगार!" एकाने लॉटरीचं तिकीट काढायचं ठरवलं. आणि शेवटच्या रांगेतला एक बहाद्दर, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, तो शांतपणे म्हणाला, "मी पाकीट फोडणारच नाही." सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. पण त्याचं उत्तर जरा लक्षात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे.

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्ड नावाचं मोठं विद्यापीठ आहे. तिथे टीना सीलिग नावाच्या प्राध्यापकबाईंनी आपल्या वर्गाला हा गृहपाठ दिला होता. या बाई स्वतः मेंदूविज्ञान शिकलेल्या, त्यातच डॉक्टरेट मिळवलेल्या. पण वर्गात शिकवायच्या ते वेगळंच. नवी कल्पना कशी सुचते, ती दुसऱ्याला कशी पटवून द्यायची, त्यातून काम कसं उभं करायचं, असा त्यांचा विषय. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा व्हायला आला, तेव्हा त्यांच्या मनात आलं की हा आता दोन वर्षांत घराबाहेर पडणार. आपल्याला त्याच्या वयात कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, अशा गोष्टी लिहून काढू या. त्या टिपणांचं पुढे २००९ साली पुस्तक झालं. माझ्या भाच्याने ते मला आणून दिलं. शब्दकोश शेजारी ठेवून, रोज रात्री चार-पाच पानं, असं करत मी ते वाचलं.

तर तो गृहपाठ असा. वर्गाचे गट पाडले. प्रत्येक गटाला एक पाकीट दिलं. आत फक्त पाच डॉलर. आजच्या हिशेबाने आपले चारशे रुपयांच्या वर काहीतरी. बुधवारी दुपारी पाकीट हातात पडलं. रविवारी संध्याकाळपर्यंत मुदत. त्याआधी विचार हवा तितका वेळ करा, पण एकदा पाकीट फोडलं की फक्त दोन तास. सोमवारी प्रत्येक गटाने वर्गासमोर उभं राहून तीन मिनिटांत सांगायचं, आम्ही काय केलं.

तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या विद्यापीठातली मुलं, काहीतरी भन्नाट करतील. पण काही जणांना सुचलं काय? सरबताची गाडी आणि गाड्या धुणं! म्हणजे आमची चौथीची मुलं आणि ती मुलं यांच्यात फार अंतर नाही म्हणायचं.

गंमत पुढेच आहे. ज्या गटांनी सगळ्यात जास्त पैसे मिळवले, त्यांनी ते पाच डॉलर वापरलेच नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की पाच डॉलर ही जवळजवळ शून्यासारखीच गोष्ट आहे. तिच्याकडे बघत बसलो तर विचारही पाच डॉलरएवढाच होतो. म्हणून त्यांनी प्रश्न बदलला. "पाच डॉलरमध्ये काय येतं?" हे सोडून ते विचारू लागले, "आजूबाजूच्या लोकांची अडचण काय आहे? आणि त्यातली कोणती आपल्याला सोडवता येईल?"

आठवला का आमचा खिडकीवाला?

एका गटाने सायकली बघितल्या. स्टॅनफर्डच्या आवारात विद्यार्थी सायकलींवरून हिंडतात. या गटाने रस्त्याकडेला एक टेबल मांडलं आणि जाहीर केलं: चाकातली हवा फुकट तपासून मिळेल, कमी असली तर एक डॉलरमध्ये भरून मिळेल. आता जवळच्या पेट्रोलपंपावर हवा फुकट मिळत होती! त्यामुळे त्या मुलांना आधी चोरट्यासारखंच वाटत होतं. आपण लोकांना लुबाडतोय की काय! पण सायकलवाले मनापासून आभार मानू लागले. त्यांची पायपीट वाचत होती, काम चटकन होत होतं. मग अर्ध्या वेळात या मुलांनी आणखी एक बदल केला. एक डॉलर मागणं बंद केलं आणि म्हणाले, "तुम्हाला वाटेल ते द्या." आणि काय सांगू, गल्ला एकदम वाढला!

दुसऱ्या एका गटाचा उद्योग ऐका. शनिवारी रात्री तिथल्या नामांकित हॉटेलांबाहेर मोठ्या रांगा लागतात. या मुलांनी दोघा-दोघांच्या जोड्या करून आधीच बऱ्याच हॉटेलांत टेबलं राखून ठेवली आणि रांगेत ताटकळणाऱ्यांना आपला नंबर विकला. एकेका नंबराचे वीस डॉलरपर्यंत मिळाले. त्यात त्यांना दोन गोष्टी उमगल्या. एक म्हणजे विकण्याचं काम मुलींना जास्त चांगलं जमत होतं, म्हणून त्यांनी मुलांना नंबर लावायला पिटाळलं आणि मुलींना विकायला उभं केलं. दुसरी गोष्ट मला फार मजेची वाटली. काही हॉटेलांत नंबर लावला की एक छोटं यंत्र हातात देतात. आपली पाळी आली की ते थरथरतं. तिथे नंबर पटापट खपले. कारण गिऱ्हाइकाला नुसता शब्द नाही, हातात एक वस्तू मिळत होती. पैसे दिले आणि काहीतरी घेतलं, असं वाटत होतं.

हे मी वर्गात सांगितलं तर एक मुलगी फटकन म्हणाली, "म्हणजे बाई, ब्लॅकची तिकिटंच की ही!" तिच्या वडिलांनी जत्रेतल्या तमाशाच्या तंबूबाहेरची हकिकत तिला सांगितली असणार. मला तिचं म्हणणं पटलं. हवा भरणाऱ्यांनी लोकांची गैरसोय कमी केली. नंबर विकणाऱ्यांनी आधी स्वतःच रांग लांबवली आणि मग ती कमी करण्याचे पैसे घेतले. पुस्तकात त्यांच्या हुशारीचं कौतुक आहे. तरी माझ्या मते या दोन गटांना एकाच माळेत ओवू नये. तुम्हाला काय वाटतं, ते घरी आईबाबांशी वाद घालून ठरवा.

पण पहिला नंबर कुणाचा, माहीत आहे? त्या गटाने तब्बल ६५० डॉलर मिळवले. त्यांनी ना टेबल मांडलं, ना कुठे नंबर लावला. त्यांनी विचार केला, आपल्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती? पाच डॉलर नाहीत. दोन तासही नाहीत. सोमवारी वर्गासमोर बोलायला मिळणारी ती तीन मिनिटं! एका कंपनीला या विद्यापीठातली मुलं नोकरीला हवी होती. या गटाने आपली तीन मिनिटं त्या कंपनीला विकली आणि सोमवारी आपली हकिकत सांगण्याऐवजी त्या कंपनीची जाहिरात सादर केली. जी गोष्ट बाकी सगळ्या गटांजवळही होती, पण कुणाला दिसलीच नाही!

सीलिगबाईंनी पुढे एकदा पाकिटात पैशांऐवजी दहा कागदी टाचण्या दिल्या. तुम्ही प्रकल्पाच्या वहीला लावता ना, त्या वाकवलेल्या तारेच्या. आणि म्हणाल्या, यातून जास्तीत जास्त मोल निर्माण करा. ही कल्पना त्यांना कायल मॅकडोनाल्ड नावाच्या कॅनडातल्या तरुणावरून सुचली. या पठ्ठ्याने २००५ साली एक लाल टाचणी देऊन माशाच्या आकाराचं पेन घेतलं, पेन देऊन आणखी काही, असं करत चौदा अदलाबदलींत २००६ साली चक्क एक घर मिळवलं! स्टॅनफर्डच्या एका गटाने टाचण्या देऊन पुठ्ठा मिळवला, त्यावर "स्टॅनफर्डचे विद्यार्थी विकणे आहे: एकावर दोन फुकट" असं लिहिलं आणि बाजाराच्या ठिकाणी जाऊन उभे राहिले. आधी लोकांच्या जड पिशव्या उचलल्या. मग एका बाईंना आपल्या धंद्यातली अडचण सोडवायची होती, त्यावर डोकं लढवून उपाय सुचवले. बाईंनी खूश होऊन त्यांना संगणकाचे तीन पडदे देऊन टाकले.

आता आमच्या शाळेकडे येऊ या. आमची शाळा जिल्हा परिषदेची, गाव सातारा जिल्ह्यातलं. तुमच्याही शाळेत आनंद बाजार भरत असेल. मुलं घरून भेळ, वडापाव, भाजीपाला आणतात, गावातले लोक येऊन विकत घेतात. हिशेब शिकावा, बोलायची भीड चेपावी, हा हेतू. पण त्यातली एक गोष्ट मला दरवर्षी टोचायची. ज्याच्या घरून दोनशे रुपयांचं सामान मिळतं, तो दुकान मांडतो. ज्याच्या घरून मिळत नाही, तो गल्ल्यावर मित्राला मदत करतो, नाहीतर गप्प बसून राहतो.

यंदा बाजाराच्या आठवडाभर आधी मी मुलांना पाकिटाची गोष्ट सांगितली. काही झालं नाही. सगळ्यांनी भेळच मांडली. सात दुकानं भेळेची, अहो! पण एक चौथीतली मुलगी, जिची आई रोजाने भांगलायला जाते, तिने लिंबाखाली एक चटई टाकली, गोष्टींची तीन पुस्तकं शाळेच्या पेटीतून मागून घेतली आणि पाटीवर लिहिलं: "लहान पोरं सांभाळून मिळतील." शेजारी एक रिकामा डबा ठेवला आणि सायकलच्या हवेवाल्यांसारखंच खाली लिहिलं, "मनाला येईल ते द्या."

मला तर आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. आपण सांगितलेली गोष्ट निदान एका डोक्यात रुजली! बाजारात आलेल्या प्रत्येक बाईच्या कडेवर नाहीतर पदराला एक पोर. त्यांना मोकळ्या हाताने भाजी घेता आली असती. पण कुणी येईना. तासाभराने तिची आजी बाजारात आली आणि तो डबा बघून भडकली. "हे काय मांडलंस? भीक मागतीस व्हय? उचल आधी!"

पोरगी रडकुंडीला आली. मी आजींना समजवायला गेले, पण माझंही तोंड उघडेना, कारण क्षणात मला त्यांचं म्हणणं दिसलं. स्टॅनफर्डच्या श्रीमंत आवारात "वाटेल ते द्या" म्हणणारा मुलगा रुबाबदार वाटतो. आमच्या गावात मजुराच्या मुलीने तेच म्हटलं की बघणाऱ्याला वेगळंच दिसतं. आजींनी आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नव्हता. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. मी पुस्तकातली युक्ती बघितली, पण माझ्या समोरची माणसं बघितलीच नाहीत.

मार्ग त्या मुलीनेच काढला. तिने डबा उचलून पिशवीत टाकला, पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "लहान पोरं सांभाळणे. अर्धा तास. पाच रुपये." मग आजींना म्हणाली, "आता दुकान झालं ना? तू बस इथं माझ्याजवळ. तू बसलीस की बाया पोरं सोडतील." आणि झालंही तसंच. नऊ वर्षांच्या मुलीकडे तान्हं पोर कोण सोपवेल? पण तिथे आजी बसलीय म्हटल्यावर बायका येऊ लागल्या. दुपारपर्यंत तिच्याजवळ एकशे दहा रुपये जमले. खर्च शून्य. भेळवाल्यांची भेळ उरली ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंतची गोष्ट दुसऱ्याचं मन वळवण्याची झाली. पण मुलांनो, आपलं मन वळवायलाही लोक टपलेले असतात. ते मला कसं कळलं, ते सांगते. ही गोष्ट सांगायला मला थोडी लाज वाटते, पण तुमचे आईबाबाही हे पान वाचतात म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका हसऱ्या मुलीने माझ्यापुढे एक कागद धरला. "ताई, फक्त नाव आणि फोन नंबर लिहा, लकी ड्रॉ आहे." एवढ्याने काय बिघडतं, म्हणून लिहिलं. पंधरा दिवसांनी फोन आला: तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीने येऊन घेऊन जा. गेलो. मोठ्या हॉटेलात थंडगार खोली, चहा, बिस्किटं, आणि स्टीलच्या डब्यांचा एक संच आधीच हातात ठेवलेला. मग एक सुटाबुटातले गृहस्थ दीड तास बोलले. सहलींची योजना, दरवर्षी सात दिवस राहणं फुकट. "तुमच्या तालुक्यातले कितीतरी गुरुजी सभासद झालेत, मॅडम." आणि शेवटी, "ही सवलत फक्त आजच, या खोलीतून बाहेर पडलात की संपली." आम्ही अठरा हजारांचा चेक लिहून दिला. त्यानंतर आम्हाला एकही खोली कधी मिळाली नाही. काही महिन्यांनी त्या कार्यालयाला कुलूप दिसलं. डब्यांचा संच अजून घरात आहे. त्यात मी डाळी भरून ठेवते.

बरेच दिवस मला वाटत होतं, मीच मूर्ख. मग रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या प्राध्यापकांविषयी वाचलं आणि जरा धीर आला. हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठात मानसशास्त्र आणि विक्रीशास्त्र शिकवत असत. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपण जन्मभर अशा विक्रेत्यांना आणि वर्गणीवाल्यांना भुलत आलो. मग त्यांनी काय करावं? आपण कोण ते न सांगता, शिकाऊ म्हणून ते जुन्या मोटारी विकणाऱ्यांकडे, वर्गणी गोळा करणाऱ्यांकडे, फोनवरून माल विकणाऱ्यांकडे गेले. जवळजवळ तीन वर्षं आतून सगळं पाहिलं आणि १९८४ साली त्याचं पुस्तक लिहिलं. मन वळवण्याचं शास्त्र शिकवताना आजही त्या पुस्तकाचं नाव घेतलं जातं.

त्यातले प्रयोग वाचताना मला माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. डब्यांचा संच घ्या. १९७१ साली डेनिस रीगन या संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोघेजण एका कामावर बसलेले. त्यातला एक संशोधकाचाच माणूस. तो मध्येच बाहेर जाऊन येताना दोन कोकाकोला आणायचा, एक स्वतःला, एक दुसऱ्याला. दहा सेंटची बाटली. थोड्या वेळाने तो म्हणायचा, "माझ्याजवळ सोडतीची तिकिटं आहेत, एक पंचवीस सेंटला, घेतोस का?" ज्यांना कोकाकोला मिळाला होता त्यांनी, ज्यांना मिळाला नव्हता त्यांच्या जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. न मागता मिळालेल्या बाटलीचं ओझं! कुणाचं खाल्लं की फेडावं, हे आपल्यालाही लहानपणापासून शिकवलेलं असतं. शेजारच्या काकूंकडून वाटीत भाजी आली तर आई वाटी रिकामी परत करत नाही ना? चांगलीच सवय आहे ती. फक्त ती वाटी काकूंची आहे की लकी ड्रॉवाल्यांची, हे बघायला हवं.

आणि तो नाव लिहून घेतलेला कागद? त्याचाही प्रयोग झालेला आहे. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी तो प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या घरोघरी जाऊन विचारलं: तुमच्या अंगणात "गाडी जपून चालवा" असा एक मोठा फलक लावू का? फलक इतका अवाढव्य आणि बेढब की घर झाकून जावं. शंभरातले साधारण १७ जण तयार झाले. पण काही घरांत दोन आठवडे आधी कुणीतरी येऊन अगदी छोटीशी पाटी, तीन इंचांची, लावून घेतली होती, सुरक्षित वाहन चालवण्याविषयीचीच. त्या घरांतले शंभरातले ७६ तयार झाले! छोट्या गोष्टीला हो म्हटलं की पुढे आपण स्वतःला "हो म्हणणारा माणूस" समजू लागतो. मी कागदावर नाव लिहिलं, तिथेच निम्मा चेक लिहून झाला होता.

"तालुक्यातले कितीतरी गुरुजी" हीही युक्तीच. मी नंतर चौकशी केली, आमच्या ओळखीत एकही सभासद निघाला नाही. पण तीच युक्ती खरं बोलून वापरली तर केवढी उपयोगी पडते बघा. हॉटेलात उतरलेल्यांनी टॉवेल रोज न बदलता पुन्हा वापरावा म्हणून चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल्यांमध्ये वेगवेगळी कार्डं ठेवली. "पर्यावरण वाचवा" असं कार्ड असलेल्या खोल्यांत शंभरातल्या ३५ जणांनी ऐकलं. "इथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" असं सांगितलं तिथे ४४ जणांनी. हा अभ्यास २००८ साली छापून आला.

तो वाचल्यावर मी आमच्या वर्गाबाहेरच्या चपलांवर लक्ष केंद्रित केलं. पाच वर्षं मी ओरडत होते, "काय ह्या चपला! नीट लावता येत नाहीत?" म्हणजे मी रोज मुलांना हेच सांगत होते की इथे कुणीच चपला नीट लावत नाही. आता ओरडणं सोडलं. रोज मोजायला लागले. एक दिवस तेविसातल्या चौदा जोड्या रांगेत होत्या. फळ्यावर लिहिलं, "आज १४ जणांनी चपला रांगेत लावल्या." दुसऱ्या आठवड्यात एकोणीस. पूर्ण तेवीस अजून एकदाही झालेल्या नाहीत, आणि ज्या दिवशी अकराच होत्या त्या दिवशी मी अकराच लिहिलं. चौदा लिहिलं असतं तर मी आणि ते सुटाबुटातले गृहस्थ यांच्यात फरक काय?

पालकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. अशी फसगत झाली तर लाजून गप्प बसू नका, आम्ही बसलो तसं. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. आणि "फक्त आजच" असं कुणी म्हणालं तर "मग उद्या येतो" म्हणून उठायचं. आमच्या घरी आता हा नियमच झालाय.

शेवटचा एक प्रयोग राहिला. तो मी मुलांना सांगायलाच नको होता, कारण तो माझ्यावरच उलटला. एलेन लँगर या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात झेरॉक्स काढायला कुणी यंत्राजवळ गेलं की एकजण येऊन विचारायचा, "माझी पाच पानं आहेत, मी आधी काढू का?" शंभरातले ६० जण हो म्हणत. "मी आधी काढू का, कारण मी घाईत आहे" म्हटलं तर ९४ जण. आणि "मी आधी काढू का, कारण मला झेरॉक्स काढायची आहे" म्हटलं तर? हे काय कारण झालं! झेरॉक्सच्या यंत्रापाशी दुसरं काय करणार? तरी ९३ जण हो म्हणाले. "कारण" हा शब्द ऐकला की पुढचं न ऐकताच माणूस मान डोलावतो. पण पाचाऐवजी वीस पानं असली की मात्र लोक कान देऊन ऐकत. मग ते पोकळ कारण काहीच कामाला येईना. कारण न देता विचारल्यावर जितके हो म्हणत, तितकेच, शंभरातले २४. खरं कारण दिलं तर ४२.

हे सांगून झालं आणि मी फळा पुसायला वळले. खिचडीचा वास यायला लागला होता. घड्याळात जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. मागून खिडकीवाल्या बहाद्दराचा आवाज आला.

"बाई, सुट्टी आत्ताच द्या ना."

"का रे?"

"कारण आम्हाला जेवायचंय."

मी सुट्टी दिली. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. जेवण झाल्यावर तो पुन्हा आला, या वेळी सगळ्या वर्गाला पाठीशी घेऊन. "बाई, आज दुपारभर कबड्डी खेळू द्या, कारण आम्हाला कबड्डी खेळायचीय."

मी म्हटलं, "ही वीस पानं झाली. खरं कारण आण."

तो जरा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग सगळे मिळून व्हरांड्यात जाऊन बसले, वही-पेन्सिल घेऊन, अर्ज लिहायला. तो अर्ज अजून माझ्याकडे आलेला नाही. पहिल्या ओळीवरूनच त्यांची भांडणं चालली आहेत.